रू करपला, चोर सापडला

आज कपाटं आवरायची ठरली होती. पण काल हाती लागलेल्या एका रहस्यकथेने घात केला. नायिका अमेरिकेतल्या लुइझियानातली केजन, म्हणजे तिथल्या मूळच्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांतली. पोरगी गुणी, पण नको तिथे नाक खुपसायची खोड. हिने मागून आणलेली होडी बायूत, म्हणजे तिथल्या संथ खाडीत, घालावी आणि होडीत नेमकं चोरीचं घबाड निघावं! पोलिसांपेक्षा तिला धास्ती आजीची.

आजीच भाव खाऊन जाते. शाळेत फ्रेंच बोलली म्हणून मार खाल्लेली. हे खोटं नाही हं, लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांत इंग्रजीच ठेवली होती. त्याआधी १७५५ पासून ब्रिटिशांनी यांच्या पूर्वजांना कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकललेलं.

मग मला गंबो, म्हणजे त्यांचं दाटसर कालवण, करायची हुक्की. आधी त्याचा रू करायचा: तेलात मैदा चॉकलेटी होईस्तोवर ढवळायचा, हात थांबवायचा नाही. मी थांबवला. चोर सापडायला दोनच पानं उरली होती हो! कढईत काळे ठिपके, म्हणजे रू गेला.

नवरा आतून ओरडला, "काय गं, फोडणी जळली का?"

रात्री पिठलं-भात. कपाट उघडंच आहे.