सग्वारोच्या ढोलीसमोर एक सकाळ

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसान शहराच्या पश्चिमेकडील सग्वारो राष्ट्रीय उद्यानात मे महिन्यात मी उजाडण्यापूर्वीच पोहोचतो, कारण सग्वारो या उंच, खांबासारख्या निवडुंगाची पांढरी फुले रात्री उमलून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात आणि ऊन चढले की सोनोरन वाळवंटातील बहुतेक प्राणी आडोशाला जातात. गेल्या शनिवारी गिला सुतारपक्ष्याची जोडी एका खोडातील ढोलीत पिल्लांना भरवत होती. ढोली कोरल्यावर सग्वारो आतून कठीण अस्तर धरतो, म्हणून पक्षी निघून गेल्यावरही ती टिकते आणि जेमतेम ४० ग्रॅम वजनाचे एल्फ घुबड तिथे बिऱ्हाड थाटते. मी ४०० मिलिमीटरची लेन्स लावून पायवाटेवरच तासभर बसलो. घरट्याच्या जवळ जाऊन मिळवलेले छायाचित्र मला मुळीच नको असते. घरी प्रतिमा मोठी करून पाहिली, तेव्हा नराच्या लाल टोपीखाली, कपाळाच्या पिसांवर पिवळ्या परागांचा पातळ थर दिसला आणि मी हरखून गेलो.

परतताना सूर्य चोया निवडुंगांच्या मागे होता. प्रकाशाकडे तोंड करून, लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) f/११ वर ठेवून घेतलेल्या त्या दृश्यात प्रत्येक काटा सोन्याच्या तारेसारखा उजळला आहे.