सात की सातवं?

जावात लिहिलेला प्रोग्रॅम. बिल्ड हिरवा, सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे कुठेच तक्रार नाही, आणि तरी रांगेतून भलतंच टोकन गायब. अर्धा दिवस ज्या ओळीवर गेला ती कोणी बदललीच नव्हती: रिमूव्ह, कंसात टोकनचा क्रमांक.

बदल झाला होता वर, डिक्लरेशनमध्ये, म्हणजे टोकन कशात ठेवायची हे सांगणाऱ्या ओळीत. टोकन आधी हॅशसेटमध्ये, म्हणजे क्रम न पाळणाऱ्या संचात होती. क्रम टिकावा म्हणून त्याची लिस्ट केली गेली. जावाच्या सेटला रिमूव्ह एकच: ही वस्तू काढ. इंट ७ (साधी संख्या) दिला तर त्याचा आपोआप इंटिजर (तीच संख्या, वस्तूच्या रूपात) होतो आणि टोकन ७ जातं. लिस्टला मात्र रिमूव्ह दोन, एक वस्तू घेणारी, दुसरी स्थान घेणारी. बॉक्सिंगशिवाय, म्हणजे हा बदल न करता जुळणारी मेथड कंपायलर आधी पाहतो. म्हणजे स्थान ७, आणि मोजणी शून्यापासून, म्हणजे आठवा घटक. एररही नाही.

टेस्टमध्ये ०, १, २, ३, ४ अशी टोकन भरून त्यातलं ३ काढलं होतं. तिथे स्थान आणि टोकन एकच! असा डेटा भरणं हा निव्वळ आळस आहे. आधी १ आणि मग ३ काढलं असतं, तरी ३ जागेवर राहून ४ गेलेलं दिसलं असतं. परतीचा प्रकारही वेगळा असतो: वस्तूवाली मेथड बूलियन (हो किंवा नाही) देते, स्थानवाली काढलेला घटक. उत्तर बूलियनमध्ये घेतलं असतं तर कोड कंपाइलच झाला नसता.

1998 साली जावात कलेक्शन्स (सेट, लिस्ट वगैरे) आली तेव्हा इंट आणि इंटिजर आपोआप एकमेकांत बदलत नसत, त्यामुळे एकच नाव खपून गेलं. 2004 च्या जावा ५ मध्ये ऑटोबॉक्सिंग, म्हणजे हा आपोआप होणारा बदल, आलं आणि तेच नाव सापळा झालं. सी-शार्प भाषेने पहिल्यापासून वस्तूसाठी रिमूव्ह आणि स्थानासाठी रिमूव्हअ‍ॅट वेगळी ठेवली, कॉटलिननेही तेच केलं. ते बरोबर आहेत.

दुरुस्ती लिंक्डहॅशसेटने झाली: क्रमही राहतो, रिमूव्हही एकच. आमच्या स्वतःच्या कलेक्शनमध्ये स्थानासाठी रिमूव्हअ‍ॅट ठरलं. वस्तूवालीचं नाव मात्र अडलंय. तीच वस्तू दोनदा असेल तर पायथनची रिमूव्ह पहिली काढते, रुबीची डिलीट सगळ्या. रिमूव्हफर्स्ट म्हणावं, तर वाचणारा पहिला घटक गेला असं समजणार. सध्या रिमूव्हफर्स्टऑकरन्स लिहिलंय. लांबलचक आहे, पण निदान एकाच अर्थाने वाचलं जातं.