आधी मळा, मग ग्लास: नाशिकची पहिली वाइन टेस्टिंग

पहिल्यांदा वाइन टेस्टिंगला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते, थेट टेस्टिंग रूममध्ये शिरू नका. आधी मळ्यात चाला, आणि कुणी परवानगी दिली तर वाइनचं एक द्राक्ष सालीसकट, बियांसकट नीट चावून खा. मग ग्लास हातात घ्या. आमच्या बाबतीत हे आपसूक जमून आलं, दुपारचा स्लॉट मिळाला होता आणि नाशिकमध्ये आदल्या रात्रीच मुक्काम असल्यामुळे सकाळ पूर्ण मोकळी होती, तर मी, नवरा आणि माझी थोरली नणंद असे तिघं सकाळीच गंगापूर धरणाच्या बाजूला जाऊन पोचलो.

पुण्याहून येताना वाटेत नारायणगाव लागतं. मिसळ आणि तमाशासाठी सगळ्यांना माहीत असलेलं हे गाव, पण भारतातल्या वाइनची गोष्ट सांगायची तर ती इथूनही सुरू करता येते. श्यामराव चौगुले यांची शॅटो इंडाज ही वाइन कंपनी इथलीच, 1980च्या दशकात त्यांनी इथे फ्रेंच पद्धतीची स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन केली आणि 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशातही विकली. कंपनी पुढे बंद पडली. नाशिकचं म्हणाल तर कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली, आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव सुला ठेवलं, आणि 2000 साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि मग दिंडोरी, निफाड, इगतपुरी सगळीकडे वायनरी, म्हणजे वाइन बनवायचे कारखाने, दिसायला लागल्या. आता तर 'नाशिक व्हॅली वाइन'ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन सुद्धा आहे. एवढं सगळं आपल्या दारात होत होतं याचं मला खरंच फार अप्रूप वाटतं.

तर मळा. नाशिकचा द्राक्षमळा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर मांडव येतो, वर वेल पसरलेला आणि खाली लटकणारे लांब हिरवे घड. वाइनच्या द्राक्षांचं तसं नाही. इथे तारांवर उभ्या ओळी, वेल कमरेपासून डोक्यापर्यंत सरळ वर नेलेला, घड खाली एका रेषेत, आणि घड केवढे तर तळहातावर मावतील एवढे. मणी बारीक, साल जाड. ऐन तोडणी चालू होती, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका कात्रीने घड कापून क्रेटमध्ये ठेवत होत्या, भराभर पण हलक्या हाताने. तोडणी पहाटेच सुरू करतात कारण द्राक्ष थंड असतानाच वायनरीत गेलं पाहिजे, ऊन चढलं की क्रेटमधला माल तापतो, फुटलेल्या मण्यांचा रस आंबायला लागतो आणि वास बिघडतो.

मी बघत उभी राहिलेली पाहून त्यातल्या एका मावशींनी शिराझचा, म्हणजे रेड वाइनच्या काळ्या द्राक्षाचा, छोटा घड पुढे केला. "खा की ताई. पण बी असतं बरं त्यात."

नणंद म्हणाली, "मावशी, हे तर नेहमीच्या द्राक्षापेक्षाही गोड आहे!"

"गोडच असतं. लोकांना वाटतं वाइनचं म्हणजे आंबट."

आणि खरंच, हे मला आधी माहीत नव्हतं. आपण खातो ती थॉमसन साधारण 18 ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आसपास तोडतात, वाइनचं द्राक्ष 22-24 पर्यंत वेलीवर ठेवतात, कारण याच साखरेची पुढे दारू होणार असते. पण गोडवा गिळून झाल्यावर मी साल चावत राहिले, मग बिया चावल्या, आणि तोंड कोरडं पडलं, जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या, उकळून उकळून कडक झालेला कोरा चहा प्यायल्यावर होतं ना अगदी तसं. हे टॅनिन, साल आणि बियांमधलं तुरट द्रव्य. हा शब्द कितीदा वाचला होता, पण तो तोंडात कुठे लागतो हे त्या सालीने सांगितलं.

तिथे एक शेतकरी दादा माल घेऊन आले होते, त्यांचा प्लॉट दिंडोरीकडे, वायनरीशी करार केलेला. त्यांनी छाटणीचं समजावलं. युरोपात थंडीत वेल झोपतो, पानं गळतात, वर्षाची विश्रांती त्याला निसर्गच देतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून तोडणीनंतर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करायची, त्यातून काडी, म्हणजे पुढे घड धरणारी फांदी, तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, त्यातून घड येतात. दोन छाटण्या, पीक एक. म्हणजे फळ पावसाळा टाळून हिवाळ्यात वाढतं, नाशिकची दुपार उबदार आणि रात्र थंडगार, समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटर उंची, त्यामुळे साखर भरते तरी आंबटपणा टिकतो. आंबटपणा गेला तर वाइन मिळमिळीत लागते. "घड कमी ठेवावे लागतात ताई, एकरी माल खायच्या द्राक्षापेक्षा बराच कमी निघतो," असं ते म्हणाले, आणि परवडण्याचं सगळं गणित मग कराराच्या भावावर येतं. मला वाटतं टेस्टिंगच्या आधी हे बोलणं प्रत्येकाने ऐकावं, ग्लासातल्या त्या दोन घोटांमागे कुणाची किती छाटणी आणि किती जागरणं आहेत ते कळतं.

दुपारी टूर. स्टीलच्या उंच टाक्या, जमिनीवर पाणी, हवेत आंबूस-गोड वास. व्हाइट वाइनचं द्राक्ष आधी दाबून रस काढतात, साल बाजूला करतात आणि नुसता रस थंड टाकीत सावकाश आंबवतात. रेडमध्ये मात्र साल आणि बियांसकटच आंबवतात, रंग सगळा सालीतच असतो, आतला गर तर शिराझचाही पांढरटच (सकाळी मणी फोडून बघितला होता त्यामुळे लगेच पटलं). रोझे म्हणजे गुलाबी वाइन, तिच्यासाठी रस सालीबरोबर थोडेच तास ठेवायचा. यीस्ट साखर खातं, दारू आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, बस. मग तळघरात ओकच्या लाकडाची 225 लिटरची पिंपं, तिथला गारवा आणि लाकडाचा वास यातून बाहेर यावंसंच वाटत नव्हतं.

आणि मग टेस्टिंग. लांब टेबल, प्रत्येकापुढे ग्लास, पाणी, साधी बिस्किटं आणि एक छोटी बादली. शिकवणारी मुलगी तरुण होती, मोजकं आणि स्पष्ट बोलणारी. ग्लास दांडीला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघायचा. आधी न हलवता वास, मग गोल फिरवून परत वास, आणि दुसऱ्या वेळी जे येतं ते वेगळंच असतं. मग छोटा घोट, तोंडभर फिरवायचा, थोडी हवा आत ओढायची आणि गिळायचा किंवा बादलीत टाकायचा. टाकण्यात काहीही अपमान नाही, ज्यांचं हे कामच आहे ते सगळे टाकतात, हे तिने सुरुवातीलाच सांगितलं ते फार बरं झालं.

पहिली सॉविन्यों ब्लाँ, त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन. मला पेरूचा आणि कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास आला, आणि मी जरा घाबरतच बोलले तर ती म्हणाली बरोबर आहे, ढोबळी मिरचीत जे वासाचं द्रव्य असतं तेच या द्राक्षातही असतं. कल्पना नाही ही, खरंच तोच वास! यानंतर माझी भीड पार गेली. मग शेनिन ब्लाँ, हीसुद्धा व्हाइट, थोडी गोडसर, सोपी, नवख्या माणसाला पटकन आवडणारी, नणंदेने तीच उचलून धरली. मग रोझे, आणि मग शिराझ. शिराझमध्ये मला काळी मिरी आली, एकदम स्पष्ट, आणि नणंदेला काहीच नाही, ती दोनदा तीनदा हुंगून वैतागली. यालाही कारण आहे, मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, शिराझमध्ये तेच असतं, आणि साधारण पाचातल्या एका माणसाच्या नाकाला ते जाणवतच नाही. म्हणून दुसऱ्याला आलेला वास आपल्याला आला नाही तर उगाच मान डोलवू नये, स्पष्ट सांगावं.

घोट घेतल्यावर मात्र सकाळची साल परत तोंडात आली. तोच कोरडेपणा, पण आता ओकने आणि काळाने मऊ केलेला, त्यावर हलका व्हॅनिलाचा वास, तोही पिंपाच्या लाकडातून आलेला. सकाळी ते द्राक्ष चावलं नसतं तर मी "कडू आहे" म्हणून ग्लास बाजूला ठेवला असता, हे मला अगदी खात्रीने वाटतं. कडूपणा वेगळा आणि आवळणं वेगळं, हा फरक एकदा कळला की रेड वाइनचं दार उघडतं.

नवरा गाडी चालवणार होता म्हणून त्याने एक थेंबही घेतला नाही, पण प्रत्येक ग्लास हुंगला आणि आमच्याइतकाच चर्चेत होता. जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बहुतेक नाकाचंच काम असतं. तेव्हा न पिणाऱ्या माणसाला घेऊन जायला अजिबात संकोच करू नका. आणि गाडी चालवणाऱ्याने पिऊच नये, घोट लहान दिसले तरी वाइनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं आणि उन्हातून फिरून आल्यावर ते चढतं. पोटभर जेवून जा, भरपूर पाणी प्या, परफ्यूम लावू नका (स्वतःचंही नाक जातं आणि शेजारच्याचंही), आणि तारीख ठरवताना ड्राय डे नाही ना ते बघा.

शेवटी लेट हार्वेस्ट शेनिन, वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढवलेल्या द्राक्षांची, मधाळ. ती शेवटीच का देतात ते लगेच कळलं, तिच्यानंतर मी शिराझचा उरलेला घोट घेतला तर तो नुसता आंबट लागला. हलक्याकडून जडाकडे आणि गोड सर्वात शेवटी, हा क्रम घरीसुद्धा पाळा.

एका दिवसात चार-पाच वायनरी करणारे लोक तिथे भेटले, मला ते पटत नाही. तिसऱ्या ठिकाणापर्यंत नाक थकतं आणि मग फक्त पिणं उरतं. एक नीट करा, फार तर दोन, आणि जानेवारी ते मार्चमध्ये जा म्हणजे तोडणी बघायला मिळेल. सुट्टीच्या दिवशी गर्दी फार असते, शक्य असेल तर मधल्या वारी जा, शिकवणाऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळ मिळतो.

येताना आम्ही शेनिन आणि शिराझची एकेक बाटली घेतली. शेनिन फ्रिजमध्ये आहे, शिराझ कपाटात आडवी ठेवायला निघाले होते पण फिरवायचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी चालते, आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. आता स्पार्कलिंग समजून घ्यायची आहे, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून ते बुडबुडे कसे तयार करतात ते बघायचंय, आणि गोडी छाटणीच्या दिवसांत दिंडोरीलाही जायचं ठरतंय. त्या दादांनी प्लॉटवर बोलावलं आहे, कात्री हातात देतो म्हणालेत.