आमची वाटचाल: ओढ्यापासून जरा लांबून

बेळगावात आम्ही सुरुवात केली ती बंगल्यांच्या बागांपासून. लॉन, पेव्हर, कुंपणाला मेंदी. पुढं खानापूर-जांबोटीकडं शेतघरं आणि होमस्टे वाढले, तशी नवी मागणी येऊ लागली: "जागेतनं ओढा जातोय, कडेनं फिरायला वाट करून द्या." आज आमच्या छोट्या फर्मचं बहुतेक काम हेच आहे.

वाट पाण्याला लागूनच हवी, असं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. आम्ही ती झाडांच्या पट्ट्यामागून नेतो आणि पाण्यापर्यंत एक-दोन ठिकाणीच उतरू देतो, तेही जिथं आधीच कातळ उघडा आहे तिथं. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज यांच्या मुळांनी काठ धरलेला असतो. काठाच्या उभ्या मातीत खंड्या बीळ करून अंडी घालतो. ऑगस्ट 2019 च्या पुरानंतर हे पटवून द्यायला फारसं बोलावं लागत नाही. शेजारचे शेतकरी तर आमच्याही आधी सांगतात, "काठाची झाडं तोडू नकासा, बांध जातोय."

ओढा ओलांडायची जागा ठरवताना आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. सिमेंटचा पाइप टाकून वर भराव केला की काम स्वस्तात होतं. पण मृगाच्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघतात, आणि पाइपातली धार व तोंडाशी पडलेला खड्डा त्यांना अडवतो. म्हणून पाणी कमी तिथं सुटे दगड मांडतो, जास्त तिथं काठापासून काठापर्यंत लाकडी साकव, मध्ये खांब न घेता. खर्च वाढतो, तो आम्ही आधीच स्पष्ट सांगतो.

वाट चार फुटांची, दाबलेल्या मुरमाची, पाणी एका बाजूला निघून जाईल इतकाच उतार. चढावर जांभ्याच्या पायऱ्या. घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून येऊन माजलेली झुडपं एकदम उपटत नाही, कारण त्यांच्यात पाखरं लपलेली असतात. टप्प्याटप्प्यानं काढून तिथं त्याच ओढ्याकाठच्या बियांची रोपं लावतो. जांभळाची बी मात्र ताजीच पेरावी लागते, ठेवली की मरते.

दिवे लावायला आम्ही ठाम नकार देतो. पावसाच्या तोंडावर काजवे एकमेकांना उजेडानंच बोलावतात, आणि 2011 मध्ये अभयारण्य झालेलं खानापूर तालुक्यातलं भीमगड तर वटवाघळांसाठीच प्रसिद्ध. या एका अटीवरून काही कामं हातची गेली, तरी अट तशीच आहे.

गोकाक-सौंदत्तीकडं पाऊस कमी, ओढे बराच काळ कोरडे. तिथली आखणी वेगळी, काम आत्ताच सुरू केलंय. सध्या गुरांची पाण्यावर जायची जुनी वाट आणि माणसांची नवी वाट वेगळी ठेवण्यासाठी गावकऱ्यांबरोबर फिरून खुणा मारतोय.