रिफ्रेश

दुपारी जेवण झाल्यावर लॅपटॉप सुरू केला आणि तो भानावर येईपर्यंत खिडकीतून पाऊस बघत बसलो. जुलैतला बेळगावचा पाऊस घाईने कोसळत नाही. सकाळी लागतो आणि दिवसभर त्याच एका लयीत पडत राहतो, त्यामुळे त्याच्याकडे आणि माझ्या लॅपटॉपकडे आळीपाळीने बघणे हा एक सलग उद्योग होऊ शकतो. अखेर पडद्यावर चिन्हे उमटली आणि माझ्या हाताने मला न विचारता आपले काम सुरू केले: रिकाम्या जागी उजवी टिचकी, रिफ्रेश, पुन्हा उजवी टिचकी, पुन्हा रिफ्रेश. शेजारी गृहपाठाची वही उघडून बसलेल्या भाचीने ते पाहिले. ‘‘मामा, ते सारखं काय दाबालास?’’ संगणक ताजा करतो आहे, असे मी गंभीरपणे सांगितले. ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘झाला काय मग?’’

झाला नव्हता, आणि होणारही नव्हता. डेस्कटॉप हे शेवटी एक फोल्डर आहे. त्यात काय काय ठेवले आहे ते रिफ्रेशची आज्ञा पुन्हा एकदा वाचून घेते आणि चिन्हे नव्याने रेखाटते, एवढेच तिचे कर्तृत्व. रॅम, म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृती, रिकामी होत नाही, प्रोसेसरला उसंत मिळत नाही. उलट आधीच कामात बुडालेल्या यंत्राला आपण आणखी एक काम सांगतो. हे सारे पक्के ठाऊक असूनही माझ्या वयाच्या बहुतेकांची सवय सुटलेली नाही. बँकेत, तहसील कचेरीत, झेरॉक्सच्या दुकानात समोरच्या माणसाचा हात अडला की तेच करताना दिसतो, आणि काउंटरच्या अलीकडे उभे असलेले आपणही मनातल्या मनात त्याच्याबरोबर रिफ्रेश करत असतो.

याची दीक्षा मला टिळकवाडीतल्या एका संगणक-वर्गात मिळाली. नव्वदीचे दशक संपत आले होते. इमारतीच्या वरच्या मजल्यावर वातानुकूलित खोली, बाहेर चपलांचा ढीग, आत पाय पुसून जायचे आणि यंत्रावरचे कापडी आच्छादन दोन्ही हातांनी काढून त्याची घडी घालून ठेवायची. चपलांमधून व्हायरस येतो अशी आमच्यापैकी निम्म्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि फरशी स्वच्छ राहत असल्यामुळे सरांनी ती कधी दुरुस्त केली नाही. काम सुरू करण्यापूर्वी रिफ्रेश करायचे हा नियम त्यांचाच. मात्र खरा सोहळा शनिवारी असे. त्या दिवशी ते विंडोज ९८ चे डीफ्रॅग लावत आणि आम्ही मुले पडद्यापुढे खुर्च्या ओढून बसत असू. रंगीत चौकोन एकेक करून उचलले जात आणि दुसरीकडे नीट ओळीत बसत. कोणी बोलत नसे, माउसला हात लावण्याची तर सक्त मनाई होती, कारण मध्येच डिस्कवर काही लिहिले गेले तर ते सारे प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. आईवडिलांनी फी भरली होती ती बहुधा आम्हाला काहीतरी करता यावे म्हणून; आम्ही बघत बसायला शिकलो. तरीही त्या बघण्यात तथ्य होते. तुकड्यातुकड्यांनी पसरलेल्या फाइली सलग जागी आल्या की डिस्क वाचणाऱ्या टोकाला इकडून तिकडे कमी धावावे लागे, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र खरोखरच थोडे चपळ वाटे.

हे धावणे कानाला ऐकू येते, आणि माझे लहानपण वडगावात गेल्यामुळे माझे कान त्या बाबतीत जरा जास्तच तयार आहेत. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमाग चालत, आणि खोलीत पाऊल न टाकता नुसत्या खटखटीवरून माग नीट चालला आहे की धोटा कुठेतरी अडतो आहे, हे शेजारच्या विणकर आजोबांना कळे. जुन्या लॅपटॉपमधल्या हार्ड डिस्कचेही तसेच आहे. खाली तबकडी फिरते, वर वाचणारे टोक धोट्यासारखे अलीकडे-पलीकडे जाते, आणि यंत्र गोठल्यासारखे वाटते तेव्हा कान लावला तर आतली कुरकुर स्पष्ट ऐकू येते. माझ्या लॅपटॉपमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेणारी होती. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबायचे, शिवाय टोक योग्य वर्तुळावर सरकायला लागणारा वेळ वेगळा. सारे मिळून एका वाचनाला १५ मिलिसेकंद धरले तरी २ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर तेवढ्या वेळात ३ कोटी ठोके घेतो आणि त्यांतले बहुतेक नुसते वाट बघण्यात घालवतो. विंडोज सुरू होताना अशी वाचने हजारोंनी होतात. लोक म्हणतात, प्रोसेसर जुना झाला. बिचारा प्रोसेसर जुना झालेलाच नसतो.

याचा पुरावा टास्क मॅनेजर देतो, आणि मी तो दुकानात नेऊन दाखवलाही होता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तक्ता उघडतो; त्यात प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर लाल होऊन बसलेली. दुकानदाराने तक्त्याकडे बघितलेसुद्धा नाही. ‘‘ह्यात आता काय ऱ्हाईलंय सर? नवा घ्या की, हप्त्यानं देतो.’’ त्याचे काही चुकले असे नाही, विकणे हाच त्याचा धंदा आहे. पण एखादी वस्तू निकामी ठरवण्यापूर्वी ती निदान एकदा उघडून तरी बघावी अशी माझी अपेक्षा असते, आणि या अपेक्षेपायी माझ्या घरात उघडून बघायच्या राहिलेल्या वस्तूंचे एक पूर्ण कपाट आहे. पत्नीचे त्यावरचे मत इथे देत नाही.

लॅपटॉप शेवटी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या मित्राने उघडला. त्याने आधी तो कानाशी धरला, मग उताणा घातला. पंख्याच्या तोंडाशी, उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पात्यांवर, करड्या तंतूंची दाट घडी जमली होती. वडगावातल्या हवेत सूत असतेच. हवा बाहेर पडेना की प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो, हे त्याने मला समजावून सांगितले. ब्रशने ती घडी काढली, प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी, पण वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. रॅमची एक जागा रिकामी होती, तिथे दुसरी पट्टी बसवून ४ चे ८ जीबी केले. पट्टी आणताना तेवढे जपावे लागते. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. रॅम अपुरी पडली की यंत्र उरलेले ओझे डिस्कवर नेऊन टाकते आणि लागेल तसे परत आणते, त्यामुळे रॅमची टंचाईही शेवटी त्या तबकडीच्याच माथी येत असते.

आणि मग तबकडीच काढली. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क बसवली, जिच्यात फिरणारे आणि सरकणारे काहीच नसते. नेमक्या जागेवरचे वाचायला तिला एका मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा हिश्शात हे झाले. जुन्या यंत्राला वेग देण्याचे बाकीचे सगळे उपाय एका पारड्यात टाकले तरी हा एक उपाय जड भरतो, असे माझे मत आहे आणि त्यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. आवाज मात्र गेला. आणि डीफ्रॅगही गेले. एसएसडीला ते लागत नाही, केले तर तिची झीजच होते. शनिवारचे ते रंगीत चौकोन आता कोणालाच लागणार नाहीत.

बारीकसारीक उपाय नंतर पुष्कळ दिवस चालू होते. यंत्र उघडताच आपणहून जागी होणारी सॉफ्टवेअरे स्टार्टअपच्या यादीतून गप्प केली. ‘शटडाउन’ म्हटले तरी विंडोज ८ पासून ते पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून आपली गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते, आणि महिनोन्‌महिने साचलेले दुखणे खरे जाते ते ‘रीस्टार्ट’ने. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणे अवघड आहे. पुढे फॉण्ट निघाले. सीमाभागातल्या माणसाच्या संगणकात फॉण्टांची जी गर्दी असते ती इतरत्र क्वचितच असेल. सरकारी अर्ज-विनंत्यांसाठी कन्नडचे नुडी, कोणी पाठवलेल्या फाइलीसाठी बरह, लग्नपत्रिकांसाठी आणि मंडळाच्या अहवालांसाठी मराठीचे निरनिराळे जुने संच, आणि त्यावर कुठल्याही यंत्रावर सारखेच वाचता येणाऱ्या युनिकोडचे वेगळेच. शब्द लिहायचे कोणतेही सॉफ्टवेअर उघडले की ते ही सगळी मंडळी आधी मोजून घेते. त्यांतले निम्मे काढून टाकल्यावर ते लगेच उघडू लागले.

एवढे करूनही एका प्रश्नाला हात लागत नाही. सॉफ्टवेअर जड होत जाण्याचा वेग यंत्रे वेगवान होण्याच्या वेगाला मागे टाकतो, असे निकलाउस विर्थ या संगणकशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम पुरत होती. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे हजारपट. या काळात मी स्वतः हजारपट काही करू लागलो आहे असे दिसत नाही. तेव्हाही पत्रे लिहीत होतो, आताही लिहितो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर हवेत. माझा त्याआधीचा. मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत संगणकप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली, जी २ जीबी रॅमवरही चालते. ती आली, बसली, आणि पहिल्या दिवसापासून बिनतक्रार काम करू लागली, याहून तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही आणि तिची तीच थोरवी आहे.

काढलेली हार्ड डिस्क मी एका यूएसबीच्या डबीत घालून ठेवली. तिच्यात आप्पांचे लेखन आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या गल्लीची हकीकत लिहायला घेतली होती: कोणाचे माग कधी आले, कोणाचे कधी विकले गेले, राकसकोप जलाशयाचे पाणी नळाला यायच्या आधी विहिरीवरचे तंटे कसे होत. ते सगळे जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टात टाइप केलेले. अशा फॉण्टांत मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, त्यामुळे तो फॉण्ट नसेल तर सबंध मजकूर अर्थहीन इंग्रजी अक्षरांच्या रांगा होऊन समोर येतो. मिंटमध्ये फाइल उघडली तेव्हा विहिरीवरचे सगळे तंटे तसेच दिसले. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरे आहेत आणि ती काही क्षणांत पानेच्या पाने युनिकोडमध्ये आणतात, पण पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, रफार एक घर पुढे सरकतो, काही जोडाक्षरे मधूनच फुटतात. ती हाताने बसवावी लागतात, आणि त्या कामाला एसएसडीचा काही उपयोग नाही.

काही शब्द तर कोणता रफार कोणाचा हेच कळू देत नाहीत. तेव्हा लॅपटॉप घेऊन मी आप्पांच्या खोलीत जातो आणि मूळ शब्द काय होता ते विचारतो. आप्पा चश्मा लावतात, वाक्य दोनदा वाचतात, आणि मूळ शब्द सांगण्याऐवजी वाक्यच बदलायला सांगतात. तेव्हा रागाच्या भरात लिहिले गेले होते, म्हणतात; किंवा हे त्याच्या मुलांनी वाचले तर बरे दिसायचे नाही. माझ्या हातून अजून दुसरे प्रकरणही पुरे झालेले नाही. कालच त्यांनी एका शेजाऱ्याला विहिरीच्या भांडणातून संपूर्ण काढून टाकले, आणि आता ते भांडण एकट्या आमच्या आजीचेच उरले आहे.