बाबांचा गुडघा आणि बीसीजी

मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बाबांना दर आठवड्याला बीसीजी देतात. हो, तीच, बाळाच्या दंडावर टोचतात ती क्षयाची लस! नळीने मूत्राशयात सोडायची आणि साधारण २ तास लघवी रोखून धरायची. आज सकाळी बघते तर गुडघा टम्म सुजलेला, घोटा गरम, डोळे लाल. बाबा म्हणे, "वय झालं गं." कसलं वय! डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. लसीने चेतवलेली प्रतिकारशक्ती क्वचित सांध्यांवरच उठते म्हणे. पुढचा डोस सध्या थांबवलाय, सूज उतरायच्या गोळ्या सुरू. बाबांना दुखण्यापेक्षा डोस चुकल्याचीच काळजी! रिक्षात चढवताना मात्र दोघांचाही घाम निघाला. कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा ना, बीसीजी नंतर परत सुरू केली का?