किल्ली हरवली? दार राहू दे, आधी मॅग्नेटो बघ

छोट्या विमानांच्या देखभालीचं काम करतो म्हटल्यावर किल्ली हरवल्याचे फोन येतच असतात. मालकाला काळजी दाराची: "आत कसं शिरायचं?" मी आधी विचारतो, "इंजिन बंद केलंत तेव्हा किल्लीचा स्विच 'ऑफ'वर होता, याची खात्री आहे ना?"

मोटारीत किल्ली काढली की ठिणगी बंद. पिस्टन इंजिनाच्या विमानात तसं नसतं. इथे ठिणगी देणारा मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. स्विच 'ऑफ' केला की पी-लीड नावाची तार त्याला ग्राउंड करते आणि तो गप्प बसतो. ही तार तुटली किंवा सैल झाली तर किल्ली तुमच्या खिशात असतानाही मॅग्नेटो जिवंतच राहतो. मग कोणी सहज प्रोपेलर हाताने फिरवला आणि सिलिंडरमध्ये थोडं इंधन असलं, तर इंजिन उसळी घेतं. म्हणून किल्ली कुठेही असो, प्रोपेलरला हात लावताना तो केव्हाही फिरेल असंच मी धरून चालतो.

झिजलेल्या किल्लीचा आणखी एक दगा आहे. ती 'लेफ्ट' (फक्त डावा मॅग्नेटो चालू) किंवा 'बोथ'वर (डावा-उजवा दोन्ही चालू) असतानाही स्विचमधून निघून हातात येते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं बंद आहे. अशी किल्ली वापरायची नाही, आणि तिच्यावरून नवी तर मुळीच कापून घ्यायची नाही, कारण झीजसुद्धा नव्या किल्लीत उतरते. किल्लीवर किंवा कुलपावर कोड असेल तर त्यावरून कापून घ्या. तो कोड आजच घरच्या कागदपत्रांत लिहून ठेवा, विमानात नको.

चोराचं म्हणाल, तर दाराच्या कुलपावर फार भिस्त ठेवू नका. सेसना १७२ सारख्या विमानाचं कुलूप साधंच असतं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने २००३ पासून २४ तासांहून जास्त वेळ उभ्या राहणाऱ्या विमानाला दोन कुलपं सक्तीची केली, ते मला पटतं. दुसरं कुलूप थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला, किंवा प्रोपेलरला लावा, आणि ते लांबून डोळ्यांत भरेल असं लाल घ्या. चोराला ते दिसायला हवंच, पण सकाळच्या घाईत तुम्हालाही दिसायला हवं.

स्विच किंवा त्याचं कुलूप बदललं की विमान लगेच मालकाच्या ताब्यात द्यायचं नाही. इंजिन चालू करून गरम होऊ द्यायचं, 'राइट' आणि 'लेफ्ट'वर इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात का बघायचं, मग मंद गतीवर आणून क्षणभर 'ऑफ' करायचं. इंजिन मान टाकू लागलं की लगेच पुन्हा 'बोथ'. 'ऑफ'वरही ते निवांत चालत राहिलं, तर स्विच नवा असो की जुना, मी पी-लीड शोधायला लागतो.